अस्सल नकलेची परीक्षा

ब्रिटनमध्ये अशा काही मोटारी आहेत की ज्या आयुष्यात एकच दिवस सर्वार्थाने नियमांत बसतात, आणि नेमका तोच दिवस त्यांच्या मालकांना लाजिरवाणा वाटतो. या मोटारींचा चेहरा १९६५ सालचा, कागदपत्रे कालपरवाची आणि पोटातली यंत्रसामग्री भंगारात निघालेल्या दोन-तीन गाड्यांची असते. त्यांना रेप्लिका म्हणतात, म्हणजे एखाद्या गाजलेल्या जुन्या स्पोर्ट्स कारची रूपाने तंतोतंत केलेली प्रतिकृती. आणि ती पुष्कळदा किट कार म्हणून, म्हणजे पोलादी सांगाडा, फायबरग्लासचे अंग आणि खोकीच्या खोकी भरून सुटे भाग अशा अवस्थेत, घेणाऱ्याच्या दारात उतरवली जाते. ती जोडणारा हौशी गृहस्थ हाच या विषयातील खरा अभ्यासविषय होय. तो सामान्यतः पन्नाशीच्या पुढचा असतो, त्याला गॅरेज असते, आणि काम किती दिवसांत होईल असे घरात विचारले गेल्यावर ‘एका हिवाळ्यात’ असे उत्तर तो देतो. कोणत्या, ते सांगत नाही.

प्रतिकृतीसाठी सर्वाधिक पसंती मिळालेली मोटार म्हणजे कोब्रा. टेक्सासचा कॅरॉल शेल्बी हा आधी कोंबड्या पाळण्याच्या धंद्यात बुडाला, मग शर्यतींत उतरून १९५९ साली ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकला, आणि हृदयविकारामुळे शर्यती सोडाव्या लागल्यावर त्याने इंग्लंडमधील थेम्स डिटन येथील एसी या छोट्या कंपनीला विचारणा केली, की तुमच्या एस नावाच्या हलक्या, उघड्या मोटारीत अमेरिकन व्ही-८ इंजिन, म्हणजे इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या दोन बाजूंसारखी चार-चार सिलिंडरे मांडलेले दांडगे इंजिन, बसवता येईल काय. १९६२ साली ते फोर्डच्या इंजिनासह बसले. पहिली गाडी एकुलती एक असल्यामुळे प्रत्येक नियतकालिकाच्या परीक्षणाआधी ती वेगळ्या रंगात रंगवली जाई, म्हणजे वाचकांना वाटावे की कारखान्यातून गाड्यांची रांग लागली आहे. याच गाडीला २०१६ साली लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर मिळाले. मूळ कोब्रा सगळ्या मिळून हजारभर निघाल्या असतील. आज रस्त्यावर दिसणाऱ्या कोब्रांची संख्या मात्र त्याच्या कितीतरी पट आहे, आणि वन्यजीवांच्या बाबतीत हे घडले असते तर संवर्धनवाद्यांनी पेढे वाटले असते.

येथे अस्सलपणाविषयी एक अडचण उभी राहते, आणि प्रतिकृतिकारांच्या मेळाव्यात ती काढल्यास चहा थंड होईपर्यंत वाद चालतो. एसी कंपनीच्या एस मोटारीचे अंग फेरारीच्या एका मोटारीकडे पाहून घडवले होते. तिच्यात नंतर बसवले गेलेले ब्रिस्टल इंजिन युद्धापूर्वीच्या बीएमडब्ल्यूच्या आराखड्यावर बेतलेले होते. आणि कोब्रा म्हणजे याच मोटारीत तिसऱ्याच देशाचे इंजिन. तेव्हा आजचा प्रतिकृतिकार जिची नक्कल करतो ती मोटार स्वतःच मोठ्या आत्मविश्वासाने उसनवारी करून उभी राहिली होती. त्याला हे सांगून पाहिल्यास तो विचारमग्न होतो आणि शेवटी म्हणतो, “पण त्यांचे बोल्ट इंचाच्या मापाचे होते. माझेही आहेत.”

किट कारचे मूळ मात्र अस्सलपणाच्या ध्यासात नसून करचुकवेगिरीच्या कायदेशीर शाखेत आहे. कॉलिन चॅपमन याच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये सेव्हन ही अत्यंत हलकी मोटार काढली. तयार मोटारीवर तेव्हा ब्रिटनमध्ये खरेदीकर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून ती सुट्या भागांत विकली जाई. संचासोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर तो संच तयार मोटार मानला जाई, पण मोटार सुटी कशी करावी याच्या सूचनांबद्दल नियमात अवाक्षर नव्हते. म्हणून कंपनी मोटार खोलण्याची पुस्तिका देई आणि घेणारा ती शेवटच्या पानापासून वाचत येई, असे सांगितले जाते. १९७३ मध्ये त्या कराच्या जागी मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली, त्याच वर्षी सेव्हन बनवण्याचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. परंतु पुस्तिका शेवटून वाचण्याची या जमातीची सवय अजून गेलेली नाही, हे कोणत्याही गॅरेजात उरलेल्या नट-बोल्टांच्या डब्यावरून सिद्ध होते.

जोडलेली मोटार रस्त्यावर आणण्यापूर्वी तिला आयव्हीए नावाची परीक्षा द्यावी लागते. २००९ पासून लागू असलेली ही एकेका वाहनाची स्वतंत्र तपासणी असून, कारखान्यातून हजारोंनी निघणाऱ्या मोटारींचा एक नमुना तपासला की भागते, तसे येथे चालत नाही. परीक्षक मोजपट्टी, आरसा, ध्वनिमापक आणि अपार सवड घेऊन येतो. या परीक्षेचा पहिलाच नियम असा गमतीदार आहे की, आगाऊ वेळ ठरलेली असेल आणि विमा असेल तर नोंदणी नसलेली मोटार रस्त्यावरून परीक्षाकेंद्रापर्यंत चालवत नेता येते. म्हणजे जी मोटार रस्त्यावर चालण्यास योग्य आहे की नाही याचा अद्याप निर्णय झालेला नाही, ती तो निर्णय घ्यायला रस्त्यावरूनच जाते. बरेच मालक मधला मार्ग म्हणून ती ट्रेलरवर चढवतात. असे करणारा मालक इतरांच्या नजरेतून उतरतो, पण त्याची मोटार निदान पोहोचते.

परीक्षेत सर्वाधिक बळी कडा घेतात. पादचाऱ्याला धडक बसली तर त्याच्या अंगात काही रुतू नये म्हणून १०० मिलिमीटर व्यासाचा गोल बाहेरून जेथे जेथे टेकू शकतो तेथील प्रत्येक कड किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येची गोलसर असावी लागते. १९६५ सालच्या मोटारीचे सौंदर्य म्हणजे मुख्यतः अशा कडांचा संग्रह असल्यामुळे पेच पडतो. चाकाच्या मध्यभागी असलेला तीन कानांचा चकचकीत नट, जो शर्यतीत तांब्याच्या हातोडीने ठोकून झटपट काढता येई, तो या नियमात बसत नाही.

“हे काय आहे?” परीक्षक विचारतो.

“स्पिनर. चाकाचा नट.”

“त्याला कान कशाला?”

“हातोडीने मारायला.”

“हातोडी कोठे आहे?”

“हातोडी नाही. खाली साधे पाच नट आहेत. हे वरून नुसते बसवले आहेत.”

परीक्षक शांतपणे कागदावर खूण करतो. त्या दिवसापुरते स्पिनर घरी ठेवून जावे, हे ज्ञान प्रत्येक प्रतिकृतिकाराला मित्रांकडून आधीच मिळालेले असते. तरी कोणीतरी एकजण मोहाला बळी पडतोच.

त्यामुळे परीक्षेच्या दिवशी मोटारीचे जे ध्यान होते, ते दिपोटीसाहेब येणार म्हणून एका रात्रीत सारवून, तोरणे लावून उभ्या केलेल्या खेड्यातील शाळेसारखे असते. चाकांच्या कमानींना काळ्या रबराची पट्टी चिकटवलेली असते. लाकडी कडेचे, भोके पाडलेल्या ॲल्युमिनियमच्या आऱ्यांचे देखणे स्टीअरिंग काढून तेथे कुठल्यातरी घरगुती मोटारीचे जाडजूड स्टीअरिंग लावलेले असते, किंवा मूळ चाकालाच फोमचा गोळा बांधलेला असतो. डॅशबोर्डावरील नाजूक खटक्यांना रबरी टोप्या असतात. मोटार वळवून सोडली की स्टीअरिंगने आपोआप सरळ व्हावे लागते, आणि काही बांधण्यांना हा गुण उपजत नसतो. तेव्हा पुढच्या चाकांची तोंडे त्या दिवसापुरती किंचित बाहेर फाकवून ठेवली जातात. आवाज ९९ डेसिबलच्या आत राहावा म्हणून सायलेन्सरात तारेची लोकर कोंबली जाते, आणि मग चारशे घोड्यांचे ते इंजिन सर्दी झालेल्या माणसाच्या आवाजात बोलू लागते. वेगमापकाला एक बारीक सवलत आहे: त्याने खऱ्या वेगापेक्षा जास्त दाखवले तर ठरावीक मर्यादेपर्यंत चालते, कमी मात्र अजिबात दाखवता येत नाही. प्रतिकृतिकाराला हा नियम मनापासून आवडतो, कारण त्याच्या स्वतःच्या बोलण्यातही तो हेच धोरण पाळतो.

काचेच्या बाबतीत तर कायद्याने तर्कशास्त्राची कमाल केली आहे. पुढे काच असेल आणि चालकाला तिच्यातून पाहावे लागत असेल, तर वायपर हवा, पाण्याचा फवारा हवा, धुके पुसण्याची सोय हवी. काच इतकी बुटकी असेल की चालक तिच्यावरून पाहतो, तर यांतील काहीच नको. म्हणून काही चतुर मंडळी मोठी काच काढून केवळ दोन टीचभर बुटक्या काचा लावून परीक्षेला जातात. पाऊस तोंडावर येतो, चिलटे दातांत अडकतात, चष्म्याला वायपर नसतो. परंतु प्रमाणपत्रावर वायपरविषयी एकही आक्षेप नसतो.

एवढे सगळे सोसून मोटार उत्तीर्ण झाली की त्याच संध्याकाळी गॅरेजात उलट दिशेने काम सुरू होते. रबराची पट्टी सोलली जाते, तारेची लोकर बाहेर येते, चाके पूर्ववत होतात, स्पिनर आपल्या जागी चढतात आणि फोम बांधलेले चाक पुढच्या उमेदवाराला उसने दिले जाते. एकाच पट्टीने, एकाच चाकाने सबंध मंडळाच्या मोटारी पार पडल्या आहेत, असे अभिमानाने सांगितले जाते. वाहनापासून कोणाला इजा होऊ नये हा सर्वसाधारण नियम त्यानंतरही लागू असतोच, पण तो नियम ध्वनिमापक घेऊन दारात उभा राहत नाही.

आता प्रतिकृतिकाराच्या मनातील खऱ्या भीतीकडे वळता येईल. ती भीती अपघाताची नसून ‘क्यू’ या अक्षराची असते. ब्रिटनमध्ये ज्या वाहनाचे वय किंवा मूळ ओळख ठरवता येत नाही, त्याचा क्रमांक ‘क्यू’ने सुरू होतो, आणि तो झाकण्यासाठी हौसेचा दुसरा क्रमांकही लावता येत नाही. नव्या सांगाड्यावर एकाच जुन्या मोटारीचे दोन मुख्य भाग पुराव्यानिशी बसवले असतील, तर त्या जुन्या मोटारीच्या वयाचा क्रमांक मिळतो. म्हणजे १९६५ च्या चेहऱ्याच्या कोब्रावर १९८९ मधील फोर्ड सिएराच्या काळातले अक्षर झळकते, आणि जाणकार ते दुरून वाचून हलकेच खोकतो. मूळ गाडीचाच क्रमांक राखायचा तर त्यासाठी दीर्घकाळ गुणपद्धती होती: सांगाड्याला पाच गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स व स्टीअरिंग यांना प्रत्येकी दोन, आणि इंजिनाला एक. चौदांपैकी आठ लागत, आणि त्यांत सांगाड्याचे पाच लागतच. ज्या इंजिनासाठी गृहस्थाने घरावर कर्ज काढले त्याला एकच गुण मिळे, हे कळल्यावर होणारी त्याची मुद्रा पाहण्यासारखी असे.

या विषयावरील घरगुती संवाद सर्वत्र सारखाच आढळतो.

“यात एअरबॅग आहे का?” पत्नी विचारते.

“पासष्ट साली नव्हत्या.”

“म्हणजे नाहीत.”

“म्हणजे अस्सल आहे.”

“मग ब्रेक घसरू नयेत म्हणून ती जी सोय असते, एबीएस?”

“पासष्ट साली...”

“आणि तुमचे वय पासष्ट साली किती होते?”

येथे संवाद संपतो आणि गॅरेजाचे दार वाजते.

पत्नीचे प्रश्न तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहेत. टनभर वजन, पुढच्या-मागच्या चाकांत जेमतेम ९० इंच अंतर, जुन्या थाटाचे रुंद टायर, ओला रस्ता आणि ताकद एकदम सोडणारे मोठे इंजिन यांचा संयोग झाला की मोटारीचे मागचे टोक पुढच्या टोकाला भेटायला निघते, आणि आधुनिक मोटारींत ही भेट टाळणारी जी संगणकी व्यवस्था असते ती येथे नसते. चालकाच्या डोक्यामागे नळीची एक चमकदार कमान असते. गाडी उलटल्यास डोके वाचावे हा तिचा उद्देश; पण उंच माणूस बसल्यावर डोके कमानीच्या वर राहते, तेव्हा उलटलेल्या गाडीत कमानीला डोके वाचवते, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. मालवाहू ट्रकच्या चालकाला ही मोटार दिसतच नाही. अशा मोटारीतल्या माणसाला शेजारच्या ट्रकचे चाक डोळ्यांसमोर दिसते, त्यावरील कंपनीचे नाव व हवेचा दाब वाचता येतो, आणि मोटार अस्सल असल्याचा आनंद त्या क्षणी थोडा ओसरतो.

तरीही विमा कंपन्या या मोटारींसाठी फार मोठा हप्ता आकारत नाहीत, आणि याचे कारण सुरक्षाशास्त्रातील एक उपेक्षित सिद्धान्त आहे: ही मोटार चालतच नाही. ढग असेल तर ती निघत नाही, कारण छत बसवायला दोन माणसे, सोळा बटणे आणि शुद्ध चारित्र्य लागते. ऊन असेल तर रेडिएटर तापतो. रस्त्यावर मीठ टाकलेले असेल तर सांगाडा गंजेल, मेळाव्याला जायचे तर रांगेत इंजिन गरम होईल, आणि नुसते दूध आणायला जावे तर दूध ठेवायला जागा नाही. विमापत्रात वर्षाकाठी थोड्याच मैलांची मर्यादा मान्य करताना प्रतिकृतिकाराला वाटते की आपण त्याग करत आहोत. प्रत्यक्षात त्यातलेही मैल उरतात. कोणत्याही एअरबॅगपेक्षा इंग्लंडच्या हवामानाने अधिक कोब्रावाल्यांचे प्राण राखले असावेत.

वेगाच्या बाबतीत तर कोब्राने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला, अशी लोकसमजूत आहे. जून १९६४ मध्ये एसी कंपनीने ल मांच्या शर्यतीआधी आपली बंद छताची एक कोब्रा पहाटे एम-१ या महामार्गावर नेली आणि जॅक सियर्स या शर्यतपटूने ती ताशी १८५ मैलांच्या, म्हणजे सुमारे २९८ किलोमीटरच्या वेगाने हाकली. महामार्गावर तेव्हा वेगमर्यादाच नसल्यामुळे गुन्हा कोणताही घडला नाही. बातमी झाल्यावर मात्र मोठा गहजब उडाला. डिसेंबर १९६५ मध्ये ताशी ७० मैलांची मर्यादा आली आणि तिचे श्रेय आजतागायत त्या पहाटेला दिले जाते. खरे पाहता त्या शरद ऋतूत धुक्यात झालेल्या भीषण टकरी हे अधिक जवळचे कारण होते. पण हे कोब्रावाल्याला पटवण्याचा प्रयत्न करू नये. सबंध देशाला ज्या मोटारीमुळे हळू जावे लागते तिचीच प्रतिकृती आपल्याकडे आहे, आणि आपणही हळूच जातो, यात त्याला एक प्रकारची खानदानी तृप्ती वाटते.

अमेरिकेत कायद्याची तऱ्हा निराळी आहे. कॅलिफोर्नियात एका तरतुदीनुसार वर्षाला ५०० विशेष बांधणीच्या मोटारींना धुराच्या नियमांसाठी आपला चेहरा ज्या सालचा त्या सालाचे मानले जाण्याची मुभा मिळते. चेहरा १९६५ चा असेल तर त्या सालच्या मोटारींना धुराचे नियम जवळजवळ नव्हतेच, मग पोटात इंजिन कोणतेही असो. सुंदर चेहऱ्याला फुप्फुसांची तपासणी माफ, असे धोरण उघडपणे लिहून ठेवणारे दुसरे सरकार सापडणे कठीण. संघराज्याने डिसेंबर २०१५ मध्ये कायदा करून छोट्या उत्पादकांना वर्षाला ३२५ पर्यंत तयार प्रतिकृती विकण्याची वाट मोकळी केली. अट अशी की मूळ मोटार किमान २५ वर्षांपूर्वीची असावी. धडकेच्या कसोट्या माफ, इंजिन मात्र आजच्या धूरनियमांत बसणारे हवे. नियम तयार करायला सरकारी खात्याला एक वर्षाची मुदत होती. त्याला पाच वर्षांहून अधिक काळ लागला, त्यावरून खात्यातही कोणीतरी गॅरेजवाला असावा असा संशय येतो.

भारतीय वाचकाला या सगळ्याचा हेवा वाटण्यापूर्वी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आठवलेले बरे. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात राखलेल्या वाहनांना जुलै २०२१ च्या नियमांनी ‘व्हीए’ ही वेगळी क्रमांकमालिका दिली, पण ती खऱ्या म्हाताऱ्यांसाठी आहे, मेकअप केलेल्या तरुणांसाठी नाही. घरी जोडलेली कोब्रा घेऊन आरटीओत गेलेल्या माणसाला पहिल्याच खिडकीवर ‘कंपनीचे नाव?’ असे विचारले जाईल, आणि ‘मीच’ या उत्तरासाठी अर्जात रकाना नाही.

कोब्राचे धुराडे नेहमीच पोटाखालून मागे जात नाही. पुष्कळ गाड्यांवर ते दोन्ही बाजूंना, दाराच्या अगदी खालून, उघडे धावते आणि फेरी संपेपर्यंत तव्याइतके तापते. उतरताना त्याला पोटरी लागून जो डाग उठतो त्याला या मंडळींत सर्पदंश म्हणतात. तो मूळ गाडीतही होई, प्रतिकृतीतही होतो, आणि तज्ज्ञांनाही दोन्ही डागांत फरक करता येत नाही. तेव्हा वाचकाला कोणी अशा मोटारीतून फेरफटक्याला बोलावलेच तर जरूर जावे, लांब विजार घालून जावे, उतरताना पाय दारापासून लांब टाकावा, आणि ‘गाडी खरी आहे का?’ हा प्रश्न निदान घरी सुखरूप पोहोचेपर्यंत विचारू नये.